तोटी

पहाटे पाचला सुरू केलं,
कारण मे महिन्यात नागपुरात नऊनंतर
गच्चीवर फक्त कुरडया थांबतात.

मोड आणून वाळवलेले जव सहा किलो, दोन किलो गहू,
इतवारीच्या चक्कीवर दळलेले.
भरड काढ म्हटलं होतं.
त्यानं सवयीनं पिठाकडे नेलं.
"इतकं जाडं कायले? कोंबड्या पाळल्या का?"
मी हसलो. तिथंच पिशवी ओढून घ्यायला हवी होती.

बहिणीच्या लग्नात कोल्ड्रिंकसाठी घेतलेला आइसबॉक्स,
तळाशी जाळी, बाजूला पितळी तोटी.
सदुसष्ट अंशांवर तासभर मुरवलं.
खालच्या मजल्यावरून विचारणा आली, शिरा आहे का.

मग तोटी उघडली. पुरी. एका झटक्यात.
धार आली, मधाच्या रंगाची, बोटाएवढी,
पेलाभर,
मग दोरा,
मग थेंब,
मग थेंबाची वाट बघणं.

मुकुंदा म्हणाला, फुंक.
नळी लावून फुंकलं. दोन बुडबुडे.
म्हणाला, डबा तिरपा कर.
केला. सगळा लगदा एका कोपऱ्यात जाऊन बसला
आणि तिथून हलेना.

साडेसात. कठड्याचं लोखंड तापायला लागलं.

शेजारच्या गच्चीवर निमजे काका दात घासत होते.
गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरणात एकतीस वर्षं,
वाळूच्या थरांवर.
दारूला न शिवणारा माणूस, चहासुद्धा अर्धाच घेतो.
"फिल्टर बसला ना?"
पाहिलं नव्हतं त्यांनी. थेंबाच्या आवाजावरून.

चूळ भरून, लेंगा खोचून, कठडा ओलांडून आले.
"तोटी पुरी काऊन उघडली बे?
खेचलं की थर बसते. वाळू असो
की तुहं हे, जे काही असन ते."
आणि पहिलं काम, तोटी बंद केली.
तासाभरात हे आम्हां दोघांना सुचलं नव्हतं.

मग तिलाच नळी जोडून
खालून ऊन पाणी चढवलं, उलटं, सावकाश.
"किती अंश?" "शहात्तर." "बरं."
लगदा आधी हललाच नाही.
मग मधोमध फुगला, कडेनं सुटला,
आणि काकांनी लाकडी उलथन्यानं वरवर चिरा दिल्या,
जाळीपर्यंत न जाता.

"यात तूस टाकलं का काही?"
नव्हतं.
जवाला साल असते, गव्हाला नसते,
हे मी वाचलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती.

त्यांच्या बहिणीचं घर मौद्याला, राइस मिलच्या मागं.
कुंड्यांसाठी आणलेलं धानाचं तूस जिन्याखाली पोतंभर.
म्हैस तोंड लावत नाही, वीटभट्टीवाला फुकट नेतो.
चार ओंजळी धुतलं, उकळत्या पाण्यातून काढलं,
लगद्यात हलक्या हातानं कालवलं.

"आता दहा मिनिटं काही करू नको."
मुकुंदानं तीन वेळा तोटीला हात लावला.
तीनदा काकांनी तो काढला.

पाव फेरा.
पहिले तीन तांबे गढूळ. ते परत वर,
ताटलीवरून ओतले, थराला खड्डा पडू नये म्हणून.
चौथ्या तांब्यात तांब्याचा तळ दिसला.
धार सुतळीएवढी, न तुटणारी.
"याच्याहून जाड केली तर मले आवाज नको देजो."

तरी गेले नाहीत.
डोक्यावर ओला दुपट्टा टाकून
पातेल्याजवळ उकिडवे बसले, कान तिकडं,
निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला माणूस,
आणि कुणी काही बोललं की हातानं गप्प करत होते.
जाताना चोथ्याची बादली मागितली, कोपऱ्यावरच्या गाईसाठी.

पुढचे तीन आठवडे ओलं पोतं गुंडाळलेलं पिंप
न्हाणीघरात, आणि आम्ही आंघोळीला मागच्या नळावर.

पहिली बाटली त्यांच्याकडे नेली, फक्त दाखवायला.
त्यांनी ती उन्हात धरली,
चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं.
"गढूळ हाय," म्हणाले.
"आमच्याकडं असती तर परत टाकीत धाडली असती."